भोंगा

आमच्या देशात सलग मोकळी जागा एकच,
आणि तिच्यावर विमान उतरतं.
ते नसेल तेव्हा ती पोरांची, रग्बीची,
चुकार कोंबड्यांची,
उकाड्याच्या रात्री चटया घेऊन येणाऱ्यांची.
विमान दिसायच्या आधी मी भोंगा वाजवतो.
फुनाफुतीत माझं काम एवढंच:
देशाला जरा बाजूला सारणं.

जानेवारीत वाजवला तेव्हा
म्हातारा केलेसोमा धावपट्टीच्या मधोमध घोरत होता.
चौघांनी चटईसकट उचलून कडेला ठेवला.
"विमान काय, परवाही येईल," म्हणाला,
आणि कूस बदलली.

फेब्रुवारीत पाणी आलं.
समुद्राच्या बाजूनं नव्हे, ती बाजू आम्ही राखून असतो.
जमिनीतून आलं, पोवळ्याच्या भोकाभोकांतून,
बुडबुडत,
घेणेकरी मागल्या दारानं यावा तसं.
सकाळी पासेमेताच्या चुलीत खेकडा बसलेला.
तिनं अळूच्या खड्ड्यात बोट बुडवलं, चाखलं,
थुंकली.
पुन्हा चाखलं.
हा खड्डा तिच्या पणज्यानं शिंपल्यांनी खणलेला.
दुपारी ती दुकानात उभी होती,
उधारीवर तांदूळ मागत,
कुणाकडेही न बघता.

मार्चमध्ये बोट आली नाही.
एप्रिलमध्ये आली, तीत पीठ नव्हतं, रंगाचे डबे होते.
चर्चचं छप्पर निळंभोर झालं.
आम्ही कुपा आणि खोबरं खाल्लं,
खोबरं आणि कुपा खाल्ला.

मग पाऊस थांबला.
जूनमध्ये घरोघरी टाक्या ठोकून बघायचा आवाज.
भरलेली टाकी मुकी असते,
रिकामी बोलते.
जुलैत सगळं बेट बोलत होतं.
माणशी नाही, घरामागे दोन बादल्या.
त्यातच लोतोतासीला मुलगी झाली.
पहिली आंघोळ अर्ध्या बादलीत;
तेच पाणी नंतर मिरचीच्या रोपाला.
मिरची यंदा गोडसर लागते, असं तिची सासू सांगते.
मला तरी तिखटच लागली.

ऑगस्टमध्ये कॅमेरे घेऊन पाहुणे आले.
आम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहावं, अशी त्यांची इच्छा.
पण ओहोटी होती.
पाच तास थांबले बिचारे, उन्हानं लालबुंद.
फिआलुआनं त्यांना माडी पाजली, मग आणखी पाजली.
भरती आली तेव्हा ते माडाखाली गाढ झोपलेले
आणि पाणी त्यांचे बूट एकेक करून
घेऊन चाललेलं.
आम्ही बूट पकडायला धावलो, गुडघाभर पाण्यात,
हसत.
ते चित्र कुणी काढलं नाही.

सप्टेंबर. काही नाही. फक्त वारा.

ऑक्टोबरात स्वातंत्र्यदिनाचं संचलन धावपट्टीवर.
पोलीस, शाळा, नर्सा, पितळी बँड.
पावलं जुळवत निघाले, टोकाला पोचले,
आणि देश संपला म्हणून वळले.

त्याच आठवड्यात सोडतीत नाव निघालं.
माझ्या वाएलेईचं.
आई हसली, मग चुलीशी गेली,
आणि नसलेला धूर डोळ्यांत गेला म्हणाली.
मी काय बोलणार?
अर्ज मीच भरला होता, सुवाच्य अक्षरात.

नोव्हेंबर. तिच्या विमानाचा भोंगा मी वाजवला.
नियम एका मिनिटाचा आहे.
मी हात काढला नाही.
पट्टी केव्हाच रिकामी झालेली,
कोंबड्यासुद्धा कुंपणापार,
तरी वाजवत राहिलो.
शेवटी केलेसोमानं येऊन माझं मनगट धरलं.
"कळलं त्यांना," म्हणाला.

ती गेली त्या संध्याकाळी
पोरांनी नेहमीसारखे गोल मांडले.
डांबर अजून कोमट होतं.
म्हाताऱ्यानं चटई पुन्हा मधोमध ओढली.

डिसेंबरात तिचा निरोप आला:
बाबा, इथं रस्ते इतके रुंद, आणि त्यांवर कुणी झोपत नाही.
काल रात्री खाली आगीचा बंब गेला, भोंगा वाजवत.
जागी झाले तेव्हा
उशी काखेत होती,
आणि मी अंथरूण भिंतीकडे ओढत होते.